चवथीआधीचे बरे दिवस

गोकुळदासला थट्टा केल्याशिवाय कुणाला गणपती देता येत नसे. एका वर्षी त्याने माझ्या यजमानांना सांगितलं, "भाऊ, यंदा मातयेचो अंदाज चुकलो. मगे तुमचां पोट आठवलां आणि तितक्याच मापान केलंय." यजमान तो गणपती घेऊन बांधावरून येताना इतके हसत होते, की मूर्ती हातातून निसटेल म्हणून मीच मागून ओरडत होते.

त्याचं घर आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळी-नारळींच्या बागेच्या, खालच्या अंगाला. पुढे पत्र्याची लांबट पडवी होती, तीच त्यांची चित्रशाळा. वर्षातले बरेच महिने तिथे जळाऊ लाकडं आणि त्याच्या मुलीची, सेजलची सायकल असायची. आषाढ आला की लाकडं मागे जायची, मये गावाहून टेम्पोने चिकणमाती यायची आणि इब्रामपुरातल्या घराघरांतून पाट यायला लागायचे. आमच्याकडे गणपती विकत आणला असं कुणी म्हणत नाही. आपल्या घरचा पाट चित्रशाळेत नेऊन ठेवायचा, की गणपती सांगितला. त्याच पाटावर मूर्ती घडते आणि चवथीला त्याच पाटावरून घरी येते. चित्रशाळेने एकदा पाट घेतला की तो रिकामा परत जात नाही. रिकामा पाट घरी आणणं म्हणजे काय, याचा आमच्या गावात कुणी विचारसुद्धा केलेला नव्हता. गोकुळदासचे वडील वारले त्या वर्षी त्याच्या काकाने येऊन काम पुरं केलं, पण पाट हलले नाहीत.

त्या घरात आणखी एक रीत होती. माती कुणीही मळावी, रंग बायकोने द्यावा, मुलीने द्यावा, पण डोळ्यांची आखणी एकाच हाताने व्हायची. आधी वडिलांच्या, मग गोकुळदासच्या. सगळ्या मूर्ती रंगून तयार झाल्या की तो आंघोळ करून यायचा आणि एका बैठकीला जितके होतील तितके डोळे आखायचा. त्या वेळी मात्र थट्टा बंद.

एरवी तो पाट्या रंगवायचा. गोवा राज्य झालं तेव्हा तो सतरा-अठरा वर्षांचा असेल. पंचायतीच्या, शाळेच्या, सोसायटीच्या सगळ्या पाट्या तेव्हा नव्याने झाल्या. कुणी म्हणे मराठीत लिही, कुणी म्हणे कोकणीत. गावात त्यावरून भांडणं झाली, घराघरांत अबोले झाले. गोकुळदास म्हणायचा, "भांडा रे भांडा. दोगांयची अक्षरां तीच, रंगाचो डबोय तोच. खोडूचे पैशे वेगळे." असा तो माणूस होता.

त्याच्या आजाराचं कारण मला शोधून सापडलं नाही. दिवाळीनंतर तो गप्प झाला. घरात कुणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं, मुलगी म्हापशाला कॉलेजात नीट शिकत होती. आधी आम्हाला वाटलं, वय झालं, गंभीर झाला. मग तो पाट्यांची कामं अर्धवट टाकायला लागला. चित्रशाळेच्या उंबऱ्यावर बसून राहायचा. त्याची बायको आनंदी एकदा नारळ देण्याच्या निमित्ताने आली आणि माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "काकी, तो माझ्याकडे बघता, पण मी तेका दिसत नाय."

गोकुळदासचा थोरला भाऊ विठू त्याला देवदेवस्की करणाऱ्या घाड्याकडे घेऊन गेला. तिथे कोंबडा झाला, नारळ झाला. मग म्हापशाच्या एका डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की झोप येते म्हणून गोकुळदास कधी घ्यायचा, कधी नाही. आषाढात पाट आले तेव्हा तो कामाला बसला आणि आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं. हातांना काम ठाऊक होतं, ते करत राहिले. मूर्ती झाल्या. आनंदीने आणि सेजलने पांढऱ्या रंगाचा पहिला हात दिला, रंग दिले. डोळे राहिले.

श्रावणात त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. कसा, ते मी लिहिणार नाही. आनंदी वेळेवर पोचली, एवढं पुरे.

त्याला म्हापशापलीकडच्या एका इस्पितळात ठेवलं. आनंदी मला म्हणाली, "काकी, थंय सगळां इंग्लिशीत सांगतत. तुमी येयात?" म्हणून मी जात राहिले. प्रत्यक्षात इंग्रजीची गरज पडली नाही. डॉक्टर अंकिता मडगावची, तिशीची मुलगी, छान कोकणी बोलायची, फक्त दक्षिणेकडची. विठू आपल्या पेडण्याच्या बोलीत तिला उत्तरं द्यायचा. तिचं बोलणं मी इथे मराठीतच देते.

वॉर्डमधली नर्स रोज सकाळी गोकुळदासला विचारायची, "मरणाचे विचार येतात?" तो म्हणायचा, "येतात." खोटं बोलण्याइतकीही ताकद त्याच्यात राहिलेली नव्हती. खिडक्यांना जाळी होती. सोबतीला कुणीतरी सतत हवं, म्हणून आनंदी आणि सेजल पाळीने बसायच्या. गोळ्या बदलल्या होत्या, पण त्या लागू पडायला काही आठवडे जातात, असं डॉक्टर म्हणाली. "आणि मला ते आठवडे हवे आहेत," ती म्हणाली. "तोवर याला धरून ठेवायला एक औषध आहे. केटामाईन. जुनं भुलीचं औषध. थोड्या मापात सलाईनमधून हळूहळू द्यायचं. काही रोग्यांचे मरणाचे विचार त्याने काही तासांत कमी होतात."

विठू उठून उभा राहिला. "भुलीचां? ऑपरेशन खंय असा?"

सेजलने तोवर मोबाईलवर पाहिलं होतं. ती हळूच म्हणाली, "काका, हरमलला त्या पार्टीत पोलिसांनी पकडलं होतं ना, पेपरात आलं होतं, त्यातलंच हे."

"बघा!" विठू म्हणाला. "दर्यार ज्याच्यापायी पोरांका बेडयो घालतत, तां तुमी माझ्या भावाक घालतलात?"

डॉक्टर रागावली नाही. "तेच औषध. माप वेगळं, जागा वेगळी आणि मी शेजारी बसणार. रक्तदाब बघत राहणार. थोडं तरंगल्यासारखं वाटेल, आपलं अंग आपलं नाही असं वाटेल, मग ते उतरेल. पण एक गोष्ट आताच ऐका." तिने आनंदीकडे वळून सांगितलं, कारण ऐकत होती ती आनंदीच. "याचा गुण टिकत नाही. काही दिवसच असतो. म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, आठवड्यातून दोनदा, काही आठवडे. त्याला बरं वाटलं म्हणजे तो बरा झाला असं नाही."

आनंदीने मान हलवली. विठूनेही हलवली, पण तो खिडकीतून बाहेर पाहत होता.

पहिलं सलाईन सकाळी दिलं. मी आणि आनंदी दाराबाहेरच्या बाकावर होतो. आत काहीच आवाज नव्हता. ते संपल्यावर गोकुळदास बराच वेळ डोळे मिटून पडून होता. दुपारी त्याने पेज खाल्ली. संध्याकाळी आनंदी चहा घेऊन गेली तर म्हणाला, "नुसती चाय? कांकण खंय असा?"

आनंदी बाहेर आली ती धावतच. "काकी, कांकण मागता! तो कांकण मागता!" त्या कडक, बांगडीसारख्या पावासाठी सेजल कॅन्टीनला गेली, तिथे नव्हतं, रस्ता ओलांडून दुकानातून घेऊन आली. त्याने ते चहात बुडवून खाल्लं. आम्ही तिघी त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या होतो. तो म्हणाला, "बघतात काय? तुमका व्हया तर सांगा, आणखी एक हाडया."

दुसऱ्या दिवशी नर्सने नेहमीचा प्रश्न विचारला. गोकुळदासने जरा विचार केला आणि म्हणाला, "सकाळपासून इसारलंय." नर्स तरुण मल्याळी मुलगी होती. तिने आनंदीला मिठी मारली.

विठू आला तेव्हा तर कहरच झाला. "दादा, तुझो चेहरो असो कित्याक?" गोकुळदास म्हणाला. "दुखणां माका, सुतक तुका?" विठू हसला आणि हसता हसता रडायला लागला. साठीचा माणूस, पंचायतीत दोनदा निवडून आलेला, टॉवेल तोंडाशी धरून कोपऱ्यात उभा. मी त्याच्यावर पुढे खूप रागावले, पण ते दृश्य मला विसरता येत नाही.

दुसरं सलाईन आठवडा संपता संपता दिलं. ते उतरल्यावर मी आत गेले तर गोकुळदास छताकडे बघत होता.

"काकी, गमत झाली," तो म्हणाला. "मी वर होतंय, पंख्याकडे. खाली पाटार कोणीतरी मातयेचो बसयल्लो. रंगयलो, सगळां केलां, पण डोळे नाय. मी म्हटलां, हेचे डोळे आखूक कोण इसारलो? आणि बघतंय तर तो मीच." तो हसला. मग एकदम कोपरावर उठून बसला. "काकी! आमचे पाट!"

तोवर इस्पितळात पाटांचा शब्दही कुणी काढला नव्हता. सगळे तो शब्द टाळत होते. पण तो प्रत्येकाच्या पोटात होता. कोविडनंतरची ती पहिली मोकळी चवथ. मुंबईहून, पुण्याहून, आखातातून माणसं येणार होती. दोन वर्षांची तहान होती. पडवीत सगळ्या मूर्ती कापडं झाकून उभ्या होत्या, डोळ्यांविना. विठूकडे लोक येऊन बाहेरच उभे राहत, गोकुळदासची तब्येत विचारत आणि पुढे काही न बोलता पान खाऊन जात. त्या न बोलण्याचा विठूवर केवढा भार होता, ते मला नंतर कळलं. दुसऱ्या चित्रशाळेतल्या माणसाला बोलवावं, असं मी एकदा सुचवलं होतं. विठू म्हणाला, "काकी, आमच्या घरच्या गणपतीक परक्या माणसान डोळे आखूचे? मगे आमी दार बंद करूया."

आता गोकुळदासनेच आठवण काढली. विठूने हात जोडले. "देवानच सांगलां," तो म्हणाला.

संध्याकाळी डॉक्टरच्या खोलीत आम्ही सगळे बसलो. गोकुळदासही होता, दाढी करून, स्वच्छ शर्टात.

"चार दिवस सोडा," तो डॉक्टरला म्हणाला. "डोळे आखतंय आणि येतंय. सोमवारी माका हंयच बघशात."

"आता नको," ती म्हणाली. "आता तर नकोच. तुला जे बरं वाटतंय ते औषधाचं आहे. तुझं व्हायला अजून वेळ लागेल."

विठू पुढे सरकला. "बाय, माणूस हसता, जेवता, काम करूक मागता. आणि तुमी म्हणतात तो बरो नाय. मगे तुमच्या हंय बरो म्हणजे कसो दिसता? माका दाखवा एक."

"दादा, याचा गुण उतरला की विचार परत येतात. कधी आधीपेक्षा जोराने. घरी त्या वेळी याच्यापाशी कोण असेल?"

"सगळो गाव असतलो."

मी म्हणाले, "विठू, डॉक्टर म्हणते ते बरोबर आहे. डोळे थांबतील."

"काकी, तुमी सिस्टरींच्या शाळेत शिकलात," विठू म्हणाला. "डॉक्टरान इंग्लिशीत लिवलां की तुमका तां देवाचां. चवथ थांबता? तुमच्या घरचो पाट पण थंयच असा, इसारलात?"

मी विसरले नव्हते. आनंदीकडे सगळ्यांनी पाहिलं. ती नवऱ्याकडे बघत होती. दिवाळीपासून पहिल्यांदाच तो तिला काहीतरी मागत होता आणि डोळ्यांत डोळे घालून मागत होता. ती म्हणाली, "सोमवारी खरांच येशात?"

"गणपतीची शपथ," गोकुळदास म्हणाला.

डॉक्टरने आपल्या सल्ल्याविरुद्ध नेत असल्याची सही विठूकडून घेतली. गोळ्या कशा द्यायच्या ते सेजलला दोनदा सांगितलं, घरातल्या कुठल्या वस्तू उचलून ठेवायच्या ते आनंदीला बाजूला घेऊन सांगितलं, आपला मोबाईल नंबर दिला. "एकटा सोडू नका," ती दारापर्यंत येऊन म्हणाली. "आणि सोमवार चुकवू नका."

ते दिवस मी खोटे होते असं म्हणणार नाही. पडवीत पुन्हा दिवे लागले. तो सकाळी आंघोळ करून बसायचा आणि हात जराही कापत नसे. मी बांधावरून जाताना बघायचे. पांढऱ्यावर काळी बारीक रेघ, मग दुसरी, मग मध्ये ठिपका आणि तो आंधळा गोळा एकदम आपल्याकडे बघायला लागे. लोक गणपती बघायला म्हणून गोकुळदासला बघायला येत. कुणी नारळ ठेवी, कुणी केळ्यांचा घड. विठूने देवळात गाऱ्हाणं घातलं. इब्रामपुरात त्या दिवसांत सगळे एकमेकांना एकच सांगत होते, गोकुळदास बरो झालो.

"बरो झालंय मगे काय," तो म्हणे. "डॉक्टरीण रडली माका सोडताना. म्हणाली असो पेशंट परत मेळूचो नाय."

"आयची शपथ?" कुणीतरी विचारी.

"तुझ्या आयची."

आनंदी गोळ्या वेळेवर देई. सेजल कॉलेज बुडवून पडवीत पुस्तक घेऊन बसे. पुस्तकाचं पान उलटलेलं मी कधी पाहिलं नाही.

शनिवारी मी गेले तेव्हा त्याने माझी थट्टा केली नाही. मी म्हटलं, दमला असेल. रविवारी त्याचा हात मूर्तीसमोर थांबला होता. रेघ काढायची आणि तो थांबलेला. मी आत गेले तरी त्याने वर पाहिलं नाही.

"गोकुळ, परत येतंय का रे?" मी विचारलं. मला दुसऱ्या शब्दांत विचारता आलं नाही.

"येता," तो म्हणाला.

"मग उद्या जायचंच आहे. पुन्हा देतील, पुन्हा बरं वाटेल."

त्याने कुंचला पाण्यात ठेवला. "काकी, आदी माका म्हायत नव्हतां, बरां वाटणां म्हणजे काय. मी इसारल्लंय. वाटायचां, असांच असता, सगळ्यांचां असांच असता, लोक बोलनत नाय इतक्याच. आता माका म्हायत झालां. कांकण कसां लागता तां म्हायत झालां. आणि तांय जाता." तो माझ्याकडे वळला. "आदी बरां होतां, काकी. म्हायत नव्हतां तां."

मी त्याला डॉक्टरने सांगितलेलं सगळं सांगितलं. हे हळूहळू टिकायला लागतं, गोळ्या मागून येऊन मिळतात, पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं. तो ऐकत होता. माझ्यावर दया येऊन ऐकत होता, असं मला वाटलं. मी विठूच्या घरी जाऊन सांगितलं. विठू म्हणाला, उद्या न्हेतंय, गाडी सांगलां.

सोमवारी सकाळी गाडी दारात आली, तशीच गावातली माणसंही आली. काहींच्या घरी लांबची माणसं आदल्या दिवशी पोचली होती, त्यांना मूर्ती लवकर न्यायच्या होत्या. काही मूर्तींचे डोळे अजून राहिलेले होते. पडवीत गडबड होती. ज्यांचे झाले होते ते विडा-नारळ ठेवून पाया पडत होते. ज्यांचे राहिले होते ते भिंतीला टेकून उभे होते.

विठू म्हणाला, "इतके दोन-चार करून जाया. दुपारी सुटूया."

दुपारी म्हणाला, "आता पोचाक सांज जातली. उद्या हरतालिका. चवथ झाली की लगेच. दीड दिवसाचो गणपती आमचो, पंचमीक विसर्जन करून तसेच निघूया."

आनंदी तेव्हा ओरडली. मी तिला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "भावजी, आताच जावचां! माका गणपती नको यंदा! मी बसयणां नाय!"

असं वाक्य आमच्या गावात कुणी उच्चारलेलं नव्हतं. एक म्हातारी तोंडावर पदर घेऊन बाहेर गेली. विठूचा चेहरा पांढरा पडला. "गे, काय बोलतंस? जीब झडात," तो पुटपुटला.

"झडांदे," आनंदी म्हणाली. मग नवऱ्यासमोर गुडघ्यांवर बसली. "चला. उठा. गाडी भायर असा."

सगळं त्याच्या हातात होतं. त्याने म्हटलं असतं, चला, तर विठूनेही अडवलं नसतं. गोकुळदासने एका राहिलेल्या मूर्तीवरचं कापड काढलं. "पंचमीक जावया," तो म्हणाला. त्याला जायचंच नव्हतं. विठूला वाटलं, धर्म पाळतोय. मला वाटतं, त्याला आता कुठल्याही गोष्टीने काही फरक पडेल असं वाटत नव्हतं आणि भांडण्यापेक्षा आखणं सोपं होतं.

सेजलने डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाली, चवथीच्या दिवशी आणा, रात्री आणा, मी येते, पण आणा. सेजलने फोन विठूला दिला. त्याने "व्हय, व्हय" म्हटलं आणि परत दिला.

चवथ झाली. आमच्याही घरी त्याचाच गणपती होता. मी आरतीला उभी राहिले आणि मूर्तीच्या तोंडाकडे बघू शकले नाही. त्यांच्या घरी आनंदीने सगळं केलं, मोदकांपासून गणपतीवर फळं-पानं बांधायच्या माटोळीपर्यंत, आणि दोघी मायलेकींनी त्याला डोळ्यांआड होऊ दिलं नाही. पंचमीला विसर्जन झालं आणि ते खरोखरच तसेच, ओल्या पायांनी गाडीत बसले. विठूने दिलेला शब्द पाळला. हेही लिहिलं पाहिजे.

इस्पितळात पुन्हा सलाईन दिलं. औषध तेच, माप तेच, तीच डॉक्टर शेजारी बसलेली. संध्याकाळी आनंदीने चहा आणि कांकण त्याच्यासमोर ठेवलं. त्याने चहा घेतला. दुसऱ्या दिवशी नर्सने विचारलं तेव्हा म्हणाला, "थोडे कमी." आणखी दोन-तीनदा दिलं. कधी अर्धा दिवस बरा जाई, कधी तेवढाही नाही. डॉक्टरने ते थांबवलं, दुसरे उपाय केले. विजेचे झटके देऊन पाहिले, गोळ्या पुन्हा बदलल्या. त्यानंतर तो पडून राहण्याऐवजी बसू लागला, विचारलं तर बोलू लागला. "मरणाचे विचार?" "नाय." ते "नाय" तो इतकं पटकन म्हणायचा की आनंदी घाबरायची. तिने डॉक्टरला तसं सांगितलंही. डॉक्टरने आणखी काही दिवस ठेवून घेतलं. पण कायमचं कुणाला ठेवता येत नाही. कार्तिकात तो घरी आला.

तुळशीचं लग्न व्हायच्या आत गोकुळदास गेला. आनंदी विहिरीवर कळशी भरायला गेली होती, सेजलची परीक्षा होती, विठू बाहेर अंगणातच बसला होता.

तेराव्याला बरेच लोक आले. जेवताना मी एकाला म्हणताना ऐकलं, "पण माणसान कोणाचो पाट रितो धाडूक नाय. जाता जाता सगळ्यांचां केलां." आजूबाजूचे "खरां, खरां" म्हणाले. विठू वाढत होता. त्याने भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि तो मागच्या दाराने निघून गेला. त्या दिवसापासून तो पंचायतीतही गेला नाही. आनंदी त्याच्याशी बोलत नाही. त्याची बायको आनंदीशी बोलते, पण चोरून.

थंडी पडल्यावर आनंदी एका सकाळी साडी नेसून माझ्या दारात उभी राहिली. "काकी, डॉक्टरणीक एक इचारूचां असा. येयात?"

डॉक्टर आम्हाला ओपीडीबाहेर भेटली. तिला कळलं होतं. ती आम्हाला एका रिकाम्या खोलीत घेऊन गेली आणि स्वतः उभीच राहिली. आनंदीने वेळ घालवला नाही.

"आमी तेका तेव्हा न्हेलो नसतो, तर तो जगलो असतो?"

डॉक्टर म्हणाली, "मला माहीत नाही. काहींना हे औषध लागू पडतं आणि टिकतं. काहींना पडतं आणि सुटतं. काहींना पडतच नाही. तो कुठल्यातला, ते कळायला थोडे दिवस सलग हवे होते."

"ते दिवस आमी घालयले."

"मी तसं म्हणणार नाही."

"म्हणा," आनंदी म्हणाली. "म्हणा ना गे बाय. माझ्या तोंडार म्हणा."

डॉक्टरने नकारार्थी मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण तिने ते वाक्य म्हटलं नाही. खोटं बोलून कुणाला मोकळं करणारी ती नव्हती. सेजल कशी आहे ते विचारलं, तिला एकदा घेऊन या म्हणाली, घरात असं झालं की मुलांकडेही लक्ष ठेवावं लागतं म्हणाली. आनंदीने "हाडतंय" म्हटलं.

आम्ही म्हापशाच्या स्टँडवर येऊन उभ्या राहिलो. आनंदी म्हणाली,

"डॉक्टरणीन व्हय म्हटलां असतां तर भावजींका जल्मभर शिव्या घातल्यो असत्यो. नाय म्हटलां असतां तर गप बसलंय असतंय. आता मी काय करू, काकी?"

पेडण्याची गाडी लागली. माणसं धावली, आम्हीही धावलो. बसायला जागा मिळाली नाही. दोघी दांडा धरून उभ्याच आलो.